शनिवारचा बर्फ

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, आणि तिला मी दहावीत भूगोलाच्या पेपरला कॉपी केल्याचंसुद्धा सांगून टाकलं होतं. आमच्या ह्यांना तर नाहीच. सांगायचं तेव्हा सांगितलं नाही, आणि आता सांगावं म्हणलं तर हे राहिले नाहीत. तुम्ही बसलाय समोर, चहा अजून गार व्हायचाय — म्हणून बोलते. पण मधे प्रश्न विचारू नका. मला मधे कोणी थांबवलं की मी लगेच विषय बदलते, आणि त्यात मी लई तरबेज आहे. सगळा जन्म वर्गात गेलाय माझा.

आज सकाळी गच्चीवर टाकी भरली का बघायला गेले, तर धुकं. आमच्या पुंडलिकनगरात आता चहूकडून इमारती, धुकं पडलं तरी कळत नाही. पण आज चांगलं दाट होतं, समोरची गच्चीसुद्धा दिसेना. टाकीच्या लोखंडी शिडीला हात लावला तर असा गार चटका बसला — आणि मला हसू आलं. विचार करा. ज्या गोष्टीनं मान खाली जायला पाहिजे, ती आठवून मी एकटी गच्चीवर उभी राहून हसले. हीच तर अडचण आहे. ती गोष्ट आठवली की मला आधी आनंद होतो. लाज मागून येते.

थांबा, मोटारसायकलपासून सुरू करते. तिच्याशिवाय काहीच कळायचं नाही.

आमच्या घरात त्या मोटारसायकलवर खरं प्रेम कोणाचं होतं विचाराल, तर माझं. हे चालवायचे, पण जीव मी टाकला होता. काळीभोर, टाकीवर सोनेरी पट्टी, सायलेन्सर असा चकचकीत की त्यात बघून कुंकू लावावं. आणि आवाज — किक मारली की पोटात वाजायचा. लग्नाला वर्ष होत आलं होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद, पुंडलिकनगरात निम्मे प्लॉट रिकामे, आणि आमच्या दोन खोल्यांत सासूबाई, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही. नवऱ्याशी बोलणं म्हणजे काय, तर ‘भाजीत मीठ बरोबर आहे का’ आणि ‘डबा भरलाय’. बाकी सगळं डोळ्यांनी. तेही सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या की बंद, कारण जप करताना त्यांना जास्त दिसायचं.

तर ती गाडी मुळात आमची नव्हती. युसूफभाईंची होती. हे आणि युसूफभाई चिकलठाण्याला एकाच कारखान्यात, एकाच टूलरूममध्ये. दोस्ती कशी म्हणाल, तर मी भरलेला भाकरी-ठेच्याचा डबा युसूफभाई खायचे आणि त्यांच्या घरची खिचडी-खट्टा हे खायचे. संध्याकाळी दोघं आपापल्या बायकांना सांगायचे, डबा छान होता. ईदला आमच्याकडं शीरखुर्मा यायचा, दिवाळीला त्यांच्याकडं चकल्या जायच्या. सासूबाईंनासुद्धा — कुरकुर करून का होईना — शीरखुर्मा चालायचा. आमचे हे तसे अबोल, चार माणसांत तोंड न उघडणारे, पण युसूफभाई भेटले की यांचा आवाजच बदलायचा. मला हेवा वाटायचा. खरं सांगते, वाटायचा.

युसूफभाईंचं घर वाढलं, मुलं मोटारसायकलवर मावेनात, म्हणून त्यांनी स्कूटर घेतली आणि ही गाडी ह्यांना दिली. नवरात्र संपत आलं होतं. स्वतः घेऊन आले, हातात किल्ली दिली, आणि आमचे हे — लहान पोरासारखे — गल्लीत एकामागून एक चकरा मारायला लागले. युसूफभाई काहीतरी सांगायला बघतायत आणि हे भुर्रकन् पुढं. शेवटी ते वैतागून माझ्याकडं वळले. म्हणाले, “भाभी, वो तो खुशी में है, सुनताच नै. ये जो इंजन के बाजू में काला पत्रा है ना, वो बदसूरत दिखता, मगर निकालना नक्को. ठंडी में काम आता. आप टीचर हैं, आप याद रखेंगे.”

मी म्हणलं, “हो, लक्षात ठेवते.”

खंडेनवमी आली. आता आमच्याकडं त्या दिवशी लोखंडाला अंघोळ असते. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, दिरांची सायकल, सगळं घासूनपुसून दसऱ्याच्या पूजेला तयार. आणि त्या वर्षी तर घरात मोटारसायकल. हे झेंडू आणि आपट्याची पानं आणायला गुलमंडीला गेले होते. मी पदर खोचला आणि म्हणलं, हिला मीच धुणार. रॉकेलचा बोळा घेऊन मी तिची एकेक फट साफ केली. नखं काळी, हात काळे, आणि मी खुश. आणि मग तो पत्रा दिसला. वेडावाकडा, तेलानं काळाकुट्ट, दोन तारांनी इंजिनाच्या मागं बांधलेला. नव्या नवरीच्या अंगावर फाटकं पोतं टाकावं तसा. हळदीकुंकू वाहायचं, हार घालायचा आणि मधे हे? मी तारा सोडल्या. पत्रा माळ्यावर टाकला. पूजा झाल्यावर परत लावू म्हणलं.

दुसऱ्या दिवशी गाडी इतकी सुंदर दिसली की सासूबाईंनीसुद्धा कानशिलावर बोटं मोडली. पत्रा मी विसरले. साफ विसरले. इथपर्यंत माझा काही गुन्हा नाही बरं का. विसरतो माणूस.

आता शनिवार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवायची, करमाडच्या पुढं रस्त्यापासून आत एक गाव होतं तिथं. आठवडाभर एस.टी.नं जायची. पण शनिवारी शाळा सकाळची, आणि तेवढ्या लवकरची एस.टी. कधी यायची, कधी नाही. म्हणून शनिवारी हे मला सोडायला लागले. मला सोडून मागं फिरायचं आणि चिकलठाण्याला कामावर जायचं. मागं बसून, स्वेटरवर शाल, शालीवर स्कार्फ, पहाटेच्या जालना रोडवर — अहो, काय सांगू तुम्हाला. एस.टी.त उभं राहून गेलेल्या बाईलाच कळेल ते सुख. मी यांच्या पाठीला गाल टेकवायची. शहरात नाही, चिकलठाणा मागं गेल्यावर.

थंडी वाढली, आणि एका शनिवारी, विमानतळ मागं टाकून सुखना नदी ओलांडली, दोन्हीकडं धुकं भरलेलं, गाडी एका वेगानं चालली होती — आणि तिचा दमच गेला. आवाज बसला, एक-दोन धक्के दिले, आणि बंद. किक मारून मारून ह्यांना घाम आला. मग प्लग काढला, पँटीला पुसला, फुंकर मारली, परत बसवला, किक मारली. फट्‌ दिशी चालू. हे म्हणाले, “प्लगच होता.” मला यांचा काय अभिमान वाटला.

पुढच्या शनिवारी तिथंच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तिथंच. नवा प्लग आणला, तरी बंद. मग पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून पंप बदलला, तरी बंद. पण गंमत बघा — प्लग पुसा, पेट्रोलचा कॉक झटका, टाकीवर थापटी मारा, काहीही करा, थोड्या वेळानं ती अशी चालू व्हायची जसं काही झालंच नव्हतं. आणि दिवसा शहरात फिरवा, क्रांती चौकातल्या गर्दीत नेऊन बघा, कुठंच तक्रार नाही.

आणि तो थोडा वेळ — त्या वेळाचं काय सांगू?

तिथं रस्त्याला एक छोटी मोरी होती, बसायला कठडा. थंडीसाठी हे स्वेटरच्या आत छातीवर पेपर घालायचे. तो काढायचे, कठड्यावर अंथरायचे, आम्ही बसायचो. शेजारी हरभऱ्याचं रान. पाल्यावर दव पडून त्याची आंब झालेली, पाल्यात हात फिरवून बोट चाटलं की जीभ झिणझिणायची. मी यांना चाटायला लावलं तर यांनी असं तोंड केलं की मी पोट धरून हसले. धुक्यात कोणी दिसत नव्हतं, आम्ही कोणाला दिसत नव्हतो. आणि हे बोलायला लागले. कोण, तर आमचे हे. साहेबाची नक्कल करून दाखवली. लेथवर एका माणसाचं बोट गेलं ते बघितल्यापासून मशीन सुरू करताना माझा हात थरथरतो, हे सांगितलं — आईला सांगू नकोस म्हणाले. मला विचारलं, तुला काय व्हायचं होतं? मला तोवर कोणी विचारलं नव्हतं ते. एम.एस्सी. करायचं होतं म्हणलं. यांनी ते असं ऐकून घेतलं, जसं काही मी मोठी वस्तू यांच्या हातात दिली. तिथं मोरीवर बसून मी माझ्या नवऱ्याच्या प्रेमात पडले. लग्नानंतर वर्षभरानं. झालं ते असं झालं.

मग आम्ही घरातून थोडं लवकर निघायला लागलो. का? तर गाडी बंद पडते, वेळ हाताशी पाहिजे. सासूबाई म्हणायच्या, “एवढ्या अंधारात कुठं?” आणि मी म्हणायची, “काय करता आई, गाडीचा भरवसा नाय.” चेहरा इतका गंभीर ठेवायची.

आता बर्फ सांगते. हे सांगताना अजून माझे हात उडतात, बघा.

गाडी बंद पडली होती. हे एका बाजूला बसून प्लगशी खेळत होते. मी सहज दुसऱ्या बाजूनं वाकले, आणि कार्बोरेटरवर मला पांढरं दिसलं. आधी वाटलं चुना लागलाय. बोट लावलं. चटका. नखानं खरवडलं तर भुसभुशीत, बोटावर आलं आणि वितळलं. बर्फ. आमच्या मराठवाड्यात, जिथं माठातलं पाणी गार झालं तरी आम्ही कौतुक करतो, तिथं तापलेल्या इंजिनाला चिकटून बर्फ. मी बघत असताना तो ओला झाला, थेंब झाला, टपकला, आणि गेला. आणि यांनी किक मारली आणि गाडी चालू. “बघ, प्लगच,” हे म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. अहो, मी दर वर्षी शिकवायची हे. मुलांच्या तळहातावर स्पिरिटचा थेंब टाकायची — गार का लागतं? उडून जाताना उष्णता घेतं म्हणून. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उडतं, वाऱ्यात मिसळतं, तेही तसंच गार करतं. त्यात थंडी, त्यात नदीकाठचं ओलं धुकं. ओल आत गोठते, वाट बुजते, इंजिनाचा श्वास कोंडतो. थांबलं की इंजिनाची ऊब मागं येते, बर्फ वितळतो. प्लग नाही, पंप नाही, काही नाही. मी, माझी मी, धुक्यात वाकून शोधून काढलं होतं. आनंदानं मला ओरडावंसं वाटलं. “अहो —” म्हणून मी ओरडलेसुद्धा.

यांनी वर बघितलं. केसांवर दव, नाकाला ग्रीस, आणि हसत होते. गाडी चालू होती तरी उठून निघायची घाई नव्हती. म्हणाले, “काय गं?”

मी म्हणाले, “काही नाही. अजून थोडं बसू या.”

त्या संध्याकाळी घरी मला पत्रा आठवला. ठंडी में काम आता. मी माळ्यावर चढले, पत्रा काढला, उलटासुलटा केला, आणि त्याचा वेडावाकडेपणा मला पहिल्यांदा कळला. एका अंगानं समोरचा गार वारा अडवायचा आणि दुसऱ्या अंगानं इंजिनाची ऊब कार्बोरेटरकडं वळवायची. नवीन काही नव्हतं, युसूफभाईंनी आपल्या गाडीवर थंडीत हेच भोगलं असणार. दोन तारा बांधल्या की झालं. मी तो पत्रा हातात घेऊन उभी राहिले, बाहेर हे हातपाय धूत होते, हाक मारायची म्हणलं तर ऐकू गेली असती.

मी पत्रा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माझ्या लग्नातल्या ट्रंकेत, शालूच्या खाली, तळाशी ठेवला. ट्रंकेला कुलूप लावलं. इथून मात्र सगळं माझं.

मला वाटलं, कोणाचं काय बिघडतंय? थंडी आहे तोवर. नंतर आपोआप थांबेल. पण तुम्हाला सांगते, माणूस सुखात असला की त्याला दुसऱ्याचं दिसत नाही, आणि मी तर नुसती तरंगत होते.

कारखान्याची बस त्याच रस्त्यानं यायची, आसपासच्या गावांतली माणसं घेऊन. एका शनिवारी धुकं लवकर विरळ झालं आणि त्या बसनं आम्हाला मोरीवर बसलेलं बघितलं, शेजारी बंद गाडी. झालं. दुपारी कँटीनमध्ये यांची जी टर उडवली, “काय दिगंबरराव, गाडी बंद का घर बंद?” असं, आणि काय काय. त्यात त्या दिवशी कामावर पोहोचायला उशीर झाला म्हणून साहेबानं सगळ्यांसमोर झापलेलं. हे काय सांगणार? आम्हाला बसायला आवडतं, असं? आमचे हे लाजाळू माणूस. तोंडातून निघून गेलं, “आता दोस्तानंच खटारा गळ्यात मारल्यावर काय करता?” युसूफभाई शेजारीच बसले होते. हातात ह्यांचा, म्हणजे मी भरलेला डबा.

कँटीन मग बोलायला लागलं. लोकांना निमित्तच पाहिजे असतं, आणि गाडीवरून सुरू झालेलं बोलणं जातीधर्मावर कसं गेलं ते मी तुम्हाला सांगायला नको. इथंच राहताय तुम्ही.

रविवारी दुपारी युसूफभाई घरी आले. रागावलेले नव्हते. उन्हात गाडी घेऊन क्रांती चौकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, “मख्खन चल री, दिगंबर.” हे म्हणाले, “मग काय मी खोटं बोलतो व्हय? शनिवारी माझ्याकडंच बंद पडते व्हय?” आवाज चढला. सासूबाई आतून बाहेर आल्या. युसूफभाई म्हणाले, नको असेल तर परत दे, तुझ्या गाडीपेक्षा तू मोठा आहेस मला. यांनी नुसती मान फिरवली.

आणि मग युसूफभाईंना काहीतरी आठवलं. त्यांचा चेहरा उजळला, मला अजून दिसतो तो. ते खाली बसले, इंजिनाच्या मागं हात घातला, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “भाभी, वो पत्रा कहाँ है?”

हे म्हणाले, “कसला पत्रा? पत्राबित्रा काही नव्हता हिला.”

“था रे. मैं अपने हाथ से बनाया था. भाभी को बोला भी था. पूछ.”

दोघं माझ्याकडं बघत राहिले. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी. ट्रंक माझ्या पाठीमागच्या खोलीत. नुसतं वळायचं होतं, कुलूप काढायचं होतं, आणि म्हणायचं होतं — अहो, मी दसऱ्याला काढला आणि विसरले. एवढंच. दोघं हसले असते. हे चार दिवस चिडले असते.

मी म्हणाले, “नाही युसूफभाई. पत्रा नव्हता.”

बोलले मी. मोठ्यानं बोलले, वर्गात बोलते तसं, स्पष्ट.

मला वाटलं आता युसूफभाई भांडतील. त्यांनी एकदा इंजिनाकडं बघितलं, एकदा आपल्या हाताकडं. मग म्हणाले, “नहीं था? ... भाभी बोल रे, तो नहीं होंगा. मेरेकूच गलत याद रहा होंगा.” आणि उठले. पोहे तसेच राहिले.

तुम्ही मनात म्हणत असाल, नवऱ्याच्या प्रेमापोटी बोलली. तसं काही म्हणू नका. ट्रंकेत पत्रा ठेवला तो शनिवारसाठी, ते कबूल. पण त्या दारात मला शनिवार आठवला नाही, मोरी आठवली नाही, काही नाही. मला एवढंच दिसलं की सासूबाई बघतायत, हे बघतायत, आणि आता बाई खोट्या ठरणार. मी किंवा युसूफभाई, दोघांपैकी एक कोणीतरी खोटं ठरणार होतं. मी त्यांना ठरवलं. माझं ऐकतील हे मला ठाऊक होतं. मी टीचर होते ना.

आणि पुढचा शनिवार? तुम्हाला वाटेल आता मन खात असेल, गोडी गेली असेल. नाही हो. तो शनिवारही तितकाच सुंदर गेला. गाडी तिथंच थांबली, धुकं तसंच, हरभऱ्याला घाटे धरले होते, आम्ही सोलून सोलून खाल्ले. हे थोडे गप्प होते, मी त्यांना हसवलं. मला हसवता आलं, हे लक्षात ठेवा.

थंडी सरली तशी गाडी थांबायची थांबली. “मी नीट केली शेवटी,” हे सगळ्यांना सांगायचे. पुढच्या हिवाळ्यात मला दिवस गेले होते, मग जवळच्या शाळेवर बदली मिळाली, आणि गाडी पैठणच्या एका पाहुण्याला दिली. युसूफभाईंनी टूलरूम सोडून दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली होती. हे डबा एकटे खायचे. आमच्या मुलाच्या बारशाला त्यांच्या घरी आमंत्रण गेलं नाही. ईदला डबा येईना. सासूबाई एकदा म्हणाल्या, “ती शेवयांची खीर काय म्हणतात ती, आली नाही यंदा?” यांना पुन्हा तसा दोस्त झाला नाही. कारखान्यात, कॉलनीत, सगळ्यांशी राम राम, पण तो आवाज — युसूफभाई आले की बदलायचा तो — तो मी नंतर ऐकला नाही.

रिटायर झाल्यावर एकदा गच्चीत शेंगा खाता खाता हे म्हणाले, “युसूफनं फसवलं खरं, पण ती गाडी थांबायची ते लई बरं होतं, नाही?” तेव्हा तरी सांगायचं. सोन्यासारखी वेळ होती. युसूफभाई इथंच होते, रोशन गेटला, रिक्षानं गेलं तर किती वेळ लागतो? मी म्हणाले, “हो, बरं होतं.” आणि टरफलं गोळा केली.

हे गेले. तेरावा झाल्यावर एका दुपारी गेट वाजलं. बघते तर युसूफभाई. दाढी पांढरी, हातात काठी, नातवाच्या गाडीवरून आले होते, नातू बाहेरच थांबला. मी ओळखलं लगेच. ते यांच्या फोटोसमोर बसले. चहा दिला तर कप हातात धरून ठेवला. मग म्हणाले — मी तुम्हाला शब्दन्‌शब्द सांगते, कारण तेवढे शब्द मी कशातही मिसळू दिलेले नाहीत —

“भाभी, एक बात दिल में रह गई. वो गाडी. मैं सब को बोलता फिरा, मैं पत्रा लगा के दिया था. बहुत साल बोला. मगर भाभी बोले नहीं था, तो नहीं था. आप झूठ कायको बोलेंगे? मैंच लगाना भूल गया होंगा. दिगंबर सच्चा था. उसको बोलना था, माफ कर दे. अब आप को बोलता.”

ट्रंक शेजारच्याच खोलीत होती. अजून तिथंच आहे, पत्रा तसाच लुगड्यात, तारांसकट. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, असं मी म्हणणार नाही. नव्हतं आलं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, “जाऊ द्या युसूफभाई. झालं गेलं. आमच्या मनात काही नाही.”

मी त्यांना माफ केलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा संपवला, बरं वाटलं म्हणाले. गेटपर्यंत सोडायला गेले मी, त्यांनी काठी बगलेत धरून हात जोडले, नातवानं गाडीला किक मारली, आणि ते गेले.